संगणक, घरजुळणीचा : यंत्रसामग्रीतील बिघाड व त्यांचे निदान

निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन ते घरी किंवा लहान दुकानात एकत्र जोडून तयार केलेल्या संगणकास घरजुळणीचा संगणक म्हणता येईल. व्यवहारात तो ‘असेंबल केलेला संगणक’ या नावाने ओळखला जातो. कारखान्यात तयार झालेला संगणक ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वी तेथे चालवून पाहिलेला असतो. घरजुळणीच्या संगणकाचे भाग मात्र एकमेकांस प्रथम भेटतात ते जुळणी करणाराच्याच टेबलावर. त्यामुळे नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना न चालण्याची शक्यता येथे अधिक असते आणि दोष शोधण्याची जबाबदारीही जुळणी करणारावरच येते. निदान चुकल्यास चांगला भाग सदोष ठरवून परत पाठविला जातो, खरा दोष तसाच राहतो आणि घाईने केलेल्या हाताळणीत उरलेले भागही निकामी होऊ शकतात. ज्या कुटुंबाने मुलांच्या शिक्षणासाठी वा छोट्या व्यवसायासाठी बचत खर्चून हे यंत्र घेतले असेल, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. प्रस्तुत नोंदीत अशा बिघाडांची कारणे, त्यांच्या निदानाची पद्धती व विदर्भातील ग्रामीण परिस्थितीत घ्यावयाची विशेष काळजी यांचा विचार केला आहे.

इतिहास : भारतात संगणकाची जुळणी प्रथम संशोधन संस्थांत झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तो निर्वात नलिकांवर चालणारा व खोली व्यापणारा होता. घरी बसून जोडता येईल असा संगणक शक्य झाला तो सूक्ष्मप्रक्रियकाच्या (संगणकाची गणनक्रिया सिलिकॉनच्या एकाच चकतीवर सामावणाऱ्या मंडलाच्या) शोधानंतर. अमेरिकेत १९७५ साली सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकला गेलेला ‘अल्टेअर ८८००’ हा या प्रकारातील प्रसिद्ध संगणक होय. त्यात शेकडो सांधे ग्राहकाला स्वतः डाख देऊन जोडावे लागत आणि बिघाडाचे प्रमुख कारण कच्चा डाख हेच असे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना इतर उत्पादकांना जुळते भाग तयार करता येतील इतकी खुली होती. त्यामुळे डाखकामाची जागा खाचेत बसविण्याच्या कार्डांनी व खटक्याने बसणाऱ्या जोडण्यांनी घेतली. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने मांडलेल्या ‘एटीएक्स’ या मानकाने मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठा संच यांची मापे, छिद्रे व विद्युत् जोडण्या निश्चित केल्या. आजची जुळणी मुख्यतः याच मानकावर उभी आहे.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल झाले आणि सुट्या भागांचा व्यापार वाढला. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठांतून जुळणीचे भाग जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या व मोठ्या खेड्यांच्या ठिकाणी संगणक केंद्रे निघाली आणि संगणकाची प्राथमिक ओळख सर्वत्र पसरली. तथापि संगणक वापरता येणे आणि न चालणाऱ्या संगणकाचा दोष ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घटक व आरंभक्रम : घरजुळणीच्या संगणकात पुढील घटक असतात : (१) एसएमपीएस (घरगुती प्रत्यावर्ती म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर करणारा वीजपुरवठा संच), (२) मदरबोर्ड (सर्व घटकांना जोडणारा मुख्य मंडलफलक), (३) प्रोसेसर (प्रक्रियक) व त्यावरील उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा आणि पंखा, (४) रॅम (तात्पुरती स्मृती), (५) साठवण उपकरण म्हणजे हार्ड डिस्क अथवा एसएसडी, (६) आवश्यकतेनुसार ग्राफिक्स कार्ड व (७) हे सर्व सामावणारी कॅबिनेट (पेटी).

बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंतच्या घटना ठराविक क्रमाने घडतात आणि हा क्रम माहीत असणे हाच निदानाचा पाया होय. भिंतीवरील स्विच चालू करताच एसएमपीएसमधून मदरबोर्डाला ५ व्होल्टचा एक अल्पसा प्रतीक्षा-पुरवठा मिळू लागतो. पेटीवरील बटण दाबले म्हणजे मदरबोर्ड एसएमपीएसला मुख्य पुरवठा सुरू करण्याची खूण देतो. मग १२, ५ व ३·३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाल्यावर, सुमारे ०·१ ते ०·५ सेकंदात, एसएमपीएस ‘दाब ठीक आहे’ असा संदेश उलट पाठवितो. त्यानंतरच प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डावरील बायॉस या कायम स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीतील सूचना क्रमाने पाळू लागतो. या आज्ञावलीने केलेल्या तपासणीस आरंभ-स्वचाचणी म्हणतात. तीत प्रोसेसर, रॅम, चित्रमंडल व शेवटी साठवण उपकरण यांची दखल घेतली जाते. कार्यकारी प्रणाली उतरविण्याचे काम यानंतरचे आहे. यावरून असे दिसेल की, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते. पडदा काळा असताना हार्ड डिस्क बदलणे किंवा कार्यकारी प्रणाली पुन्हा घालण्याचा विचार करणे निरर्थक ठरते, कारण गाडी त्या स्थानकापर्यंत पोहोचलेलीच नसते.

निदानाची तत्त्वे : (१) नव्या जुळणीत भाग मुळातच सदोष असण्यापेक्षा जोडणी राहून गेलेली, अर्धवट बसलेली किंवा चुकीच्या ठिकाणी केलेली असण्याचा संभव अधिक असतो. इलेक्ट्रॉनीय भाग सुरुवातीच्या काळात व आयुष्याच्या अखेरीस अधिक प्रमाणात बिघडतात हे खरे असले, तरी संशयाची सुरुवात जोडणीपासूनच करावी. (२) एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तर दोष कोणता होता हे कळत नाही व तो पुन्हा उद्‌भवू शकतो. (३) केलेला प्रत्येक बदल व त्याचा परिणाम कागदावर क्रमाने लिहून ठेवावा. पुढे विक्रेत्याशी बोलताना हीच टिपणे उपयोगी पडतात. (४) लक्षण व कारण यांत भेद करावा. ‘पडदा काळा’ हे लक्षण आहे. त्यामागे सैल रॅम, चुकीच्या खोबणीत घातलेली केबल, बंद मॉनिटर किंवा वाकलेली टाचणी यांपैकी काहीही असू शकते. (५) चांगल्या स्थितीत असल्याची खात्री असलेला भाग संशयित भागाच्या जागी लावून पाहणे ही सर्वांत निर्णायक चाचणी होय. मात्र दुरुस्त संगणकात संशयित एसएमपीएस लावून पाहू नये. त्याचा दाब भरमसाट असल्यास चांगले यंत्रही जळते. अशा वेळी उलट रीतीने, म्हणजे चांगला एसएमपीएस नव्या संगणकास लावून, परीक्षा करतात.

पूर्वतयारी व सुरक्षितता : कोणताही भाग काढण्यापूर्वी वा बसविण्यापूर्वी भिंतीवरील स्विच बंद करून केबल काढून घ्यावी व पेटीवरील बटण काही सेकंद दाबून धरावे. त्यामुळे धारित्रांत (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकांत) उरलेला भार बराचसा निघून जातो. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. २३० व्होल्ट या घरगुती दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते व आतील मोठ्या धारित्रांत तेवढा वा त्याहून अधिक दाब वीज काढल्यावरही काही काळ टिकून राहतो. हा दाब प्राणघातक आहे.

अंगावर साचणारी स्थिर विद्युत् हा दुसरा धोका होय. हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घासताना अंगावर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. साधारणतः ३,००० व्होल्टच्या खालील विसर्जन माणसाला जाणवतही नाही. मात्र अर्धसंवाहक भागांना त्याच्या अंशमात्र दाबानेही इजा पोहोचते [⟶ अर्धसंवाहक]. यास्तव भाग कडेने धरावेत, मधूनमधून पेटीच्या रंग नसलेल्या धातूस स्पर्श करावा आणि मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. ज्या चंदेरी पिशवीतून तो येतो तिचा बाहेरचा पृष्ठभाग काहीसा विद्युत् संवाहक असतो. म्हणून चालू मदरबोर्ड त्या पिशवीवर ठेवणे योग्य नव्हे.

बिघाडांचे प्रकार : लक्षणांवरून बिघाडांचे पाच वर्ग पाडता येतात.

(अ) संपूर्ण निश्चलता : बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही व दिवा लागत नाही. प्रथम भिंतीवरील सॉकेटात दुसरे उपकरण लावून वीज असल्याची खात्री करावी. नंतर एसएमपीएसच्या मागील स्विच पाहावा. काही जुन्या संचांवर ११५ व २३० व्होल्ट निवडण्याची लाल पट्टी असते. ती ११५ वर असताना भारतातील २३० व्होल्टचा पुरवठा दिल्यास संच जळतो. यानंतर मदरबोर्डावरील २४ टाचण्यांची जोडणी खटका बसेपर्यंत दाबलेली आहे की नाही ते पाहावे. पेटीच्या बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डाच्या कोपऱ्यातील टाचण्यांवर लावाव्या लागतात. त्यांची जागा चुकणे ही अगदी नेहमीची चूक आहे. बटणाच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालते, दिव्यांच्या तारांना मात्र धन व ऋण अशा बाजू असतात. बटणच खराब असल्याचा संशय आल्यास माहितीपुस्तिकेत दाखविलेल्या त्या दोन टाचण्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करून पाहतात. संगणक सुरू झाल्यास दोष बटणाचा वा त्याच्या तारांचा ठरतो.

एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासण्यासाठी तो मदरबोर्डापासून पूर्णपणे सोडवून, भिंतीवरील स्विच बंद असताना, २४ टाचण्यांच्या जोडणीतील १६ व्या क्रमांकाची तार (ती रंगीत असल्यास हिरवी असते) शेजारच्या काळ्या तारेशी वायरच्या लहान तुकड्याने जोडतात व मग स्विच चालू करतात. पंखा फिरल्यास संच जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. भार पडल्यावर तो दाब टिकवील की नाही हे त्यावरून कळत नाही. यासाठी संगणक चालू असताना मल्टिमीटरने (दाब, प्रवाह व रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मापन करतात. मान्य मर्यादा ५ टक्के अधिक-उणे अशी असल्याने १२ व्होल्टचा पुरवठा ११·४ ते १२·६ व ५ व्होल्टचा ४·७५ ते ५·२५ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो.

(आ) सुरू होऊन लगेच बंद पडणे : पंखे क्षणभर फिरून थांबतात व कधीकधी हे चक्र पुन्हा पुन्हा चालते. मंडलसंक्षेप (विजेला मिळालेली अनिष्ट आखूड वाट) हे त्याचे एक प्रमुख कारण होय. मदरबोर्ड पेटीत बसविताना त्याखाली पितळी खुंट्या बसवितात. ज्या ठिकाणी मदरबोर्डास छिद्र नाही तेथे खुंटी राहिल्यास किंवा एखादा स्क्रू खाली पडून राहिल्यास फलकाच्या मागील सांधे पेटीच्या धातूस टेकतात. दुसरे कारण म्हणजे प्रोसेसरजवळची ४ वा ८ टाचण्यांची १२ व्होल्टची जोडणी राहून जाणे. काही मदरबोर्ड या स्थितीत पंखे फिरवितात पण पुढे जात नाहीत. प्रोसेसरवरील ठोकळा नीट न टेकल्यास अतितापनामुळेही यंत्र काही सेकंदांत बंद पडते. ठोकळ्याच्या तळाशी चिकटविलेली पारदर्शक संरक्षक पट्टी काढावयाची राहणे ही नवख्यांकडून वारंवार घडणारी चूक आहे.

(इ) पंखे फिरतात, परंतु पडदा काळा राहतो : नव्या जुळणीतील सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार हा होय. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. (१) मॉनिटर चालू आहे व त्याला योग्य खोबण निवडलेली आहे याची खात्री करावी. (२) ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावावी, मदरबोर्डाला नव्हे. उलट कार्ड नसल्यास प्रोसेसरमध्ये चित्रमंडल आहे काय ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत ते नसते आणि अशा वेळी पडदा कधीच उजळत नाही. हा दोष नसून निवडीतील चूक असते. (३) रॅमची पट्टी काढून पुन्हा दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबावी. चार खाचा असलेल्या मदरबोर्डावर दोन पट्ट्या सामान्यतः प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवितात. (४) डीडीआर४ व डीडीआर५ या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून जोर लावू नये. (५) डीडीआर५ स्मृती असलेला संगणक पहिल्या आरंभी स्मृतीचे कालमापन जुळविण्यासाठी काही मिनिटे काळ्या पडद्यानिशी थांबू शकतो. या काळात घाबरून वीज बंद केल्यास ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. (६) मदरबोर्ड प्रोसेसरच्या आधीच्या काळात तयार झालेला असल्यास त्यातील बायॉस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही व ते अद्ययावत करावे लागते.

या अवस्थेत मदरबोर्ड स्वतःही काही सांगत असतो. अनेक फलकांवर प्रोसेसर, रॅम, चित्रमंडल व साठवण यांच्या नावाचे चार बारीक दिवे असतात. ज्या दिव्यावर तपासणी अडून राहते त्या भागाकडे प्रथम पाहावे. जुन्या पद्धतीत लहान ध्वनिक्षेपकाच्या लांब-आखूड आवाजांनी हीच माहिती मिळे. या आवाजांचा अर्थ बायॉसच्या उत्पादकानुसार बदलतो, त्यामुळे तो त्या फलकाच्या माहितीपुस्तिकेतच पाहणे इष्ट असते.

(ई) साठवण उपकरण न सापडणे : आरंभ-स्वचाचणी पार पडते, पण सुरू करण्याजोगे उपकरण नसल्याची सूचना येते. हार्ड डिस्कला विजेची व माहितीची अशा दोन स्वतंत्र केबली लागतात. त्यांपैकी एक राहून गेलेली असू शकते. मदरबोर्डावर आडवी बसणारी एम·२ प्रकारची पट्टी तिच्या टोकाचा स्क्रू न लावल्यास वर उचललेली राहते. काही मदरबोर्डांवर एम·२ खाच वापरात आली की साटा जोडण्यांपैकी एखाददुसरी आपोआप बंद होते. हा दोष नसून रचनेचा भाग आहे. नव्या कोऱ्या उपकरणावर कार्यकारी प्रणालीच घातलेली नसेल, तर ही सूचना येणे स्वाभाविक होय.

(उ) चालता चालता बंद पडणे, गोठणे वा आपोआप पुन्हा सुरू होणे : असे दोष अनियमित असल्यामुळे त्यांचे निदान कठीण असते. जड काम करताना काही मिनिटांनी यंत्र बंद पडत असेल तर तापमान पाहावे. अनेक प्रोसेसर ९५° ते १००° से. या मर्यादेजवळ स्वतःचा वेग कमी करतात व ती ओलांडल्यास यंत्र बंद करतात. केवळ ग्राफिक्स कार्डावर भार आल्यावर यंत्र बंद होत असल्यास एसएमपीएसची क्षमता अपुरी असण्याचा संभव असतो. कोणत्याही कामात, वेगवेगळ्या सूचना देत, यंत्र कोलमडत असेल तर रॅम संशयास्पद ठरते. रॅमच्या परीक्षणासाठी ‘मेमटेस्ट’ प्रकारची आज्ञावली रात्रभर चालवितात. तीत एकही चूक आढळल्यास पट्ट्या एकेक करून तपासतात. सदोष रॅमचा धोका असा की, यंत्र वरवर चालत राहते आणि साठविली जाणारी माहिती मात्र नकळत बिघडत जाते. यासाठी या परीक्षणापूर्वी महत्त्वाची कागदपत्रे वा छायाचित्रे नव्या संगणकावर हलवू नयेत व मूळ प्रती पुसू नयेत.

किमान जोडणीची चाचणी : वरील उपायांनी दोष न सापडल्यास मदरबोर्ड पेटीतून बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवतात आणि त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा ठोकळा व पंखा, रॅमची एकच पट्टी व एसएमपीएस एवढेच जोडतात. प्रोसेसरमध्ये चित्रमंडल नसल्यास ग्राफिक्स कार्डही ठेवावे लागते. बायॉसमधील नोंदी मूळ स्थितीत आणण्यासाठी वीज काढून नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ विद्युत् घट काही मिनिटे बाहेर ठेवतात [⟶ विद्युत् घट]. या किमान स्थितीत पडद्यावर चित्र आले, तर दोष पेटीत किंवा बाजूला ठेवलेल्या भागांत आहे हे उघड होते. मग एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागानंतर दोष उद्‌भवतो तो भाग किंवा त्याची जोडणी सदोष होय. किमान स्थितीतही चित्र न आल्यास संशय चार-पाच भागांपुरता मर्यादित होतो. रॅमची पट्टी व खाच बदलून पाहिल्यावर आणि एसएमपीएस बदलून पाहिल्यावर मदरबोर्ड व प्रोसेसर एवढेच उरतात.

या टप्प्यावर प्रोसेसर काढून त्याखालील टाचण्या भिंगाने पाहणे आवश्यक ठरते. एएमडीच्या एएम४ या जुन्या रचनेत टाचण्या प्रोसेसरला असत, तर २०२२ मधील एएम५ मध्ये आणि इंटेलच्या अलीकडील रचनांत त्या मदरबोर्डावरील बैठकीत असतात. प्रोसेसर तिरपा पडल्यास त्या केसासारख्या टाचण्या वाकतात. वाकलेली टाचणी बहुधा हमीबाहेरचे नुकसान मानली जाते. म्हणून प्रोसेसर वारंवार काढणे-घालणे टाळावे व ही तपासणी अखेरची ठेवावी.

वीजपुरवठा, अर्थिंग व स्थानिक परिस्थिती : निदानाची वरील पद्धती सर्वत्र सारखीच असली, तरी तिचा आरंभ भिंतीवरील सॉकेटापासून करावा की संगणकापासून, हे स्थळावर अवलंबून असते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री व तिच्यासारखी विदर्भातील गावे या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत. येथे सुट्या भागांसाठी चिखली, खामगाव किंवा अकोला येथे जावे लागते अथवा ते टपालाने मागवावे लागतात. शेजारच्या दुकानातून दुसरा एसएमपीएस घटकाभर आणून पाहण्याची सोय नसते. त्यामुळे भाग बदलून पाहण्यापेक्षा मापनावर व विचारपूर्वक वगळण्याच्या पद्धतीवर अधिक भर द्यावा लागतो. साधा अंकदर्शी मल्टिमीटर हे या परिस्थितीतील सर्वांत मोलाचे साधन होय.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्यापुढील काही वर्षे ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. आज ते पूर्वीच्या प्रमाणात राहिलेले नसले, तरी रब्बीच्या हंगामात शेतीपंप एकदम सुरू झाल्यास लांब वाहिनीच्या टोकाकडील दाब उतरणे व वीज परत येताना दाबाचा झटका बसणे हे प्रकार घडतात. सायंकाळीच बंद पडणारा व सकाळी सुरळीत चालणारा संगणक सदोष ठरविण्यापूर्वी त्या त्या वेळी सॉकेटातील दाब मोजून पाहावा. अखंडित वीजपुरवठ्यासाठी यूपीएस (खंडकाळात घटमालेतून वीज देणारे उपकरण) वापरताना त्यावर लिहिलेला व्होल्ट-अँपिअरचा आकडा म्हणजे वॉट नव्हेत हे ध्यानात घ्यावे. ६०० व्होल्ट-अँपिअरचा लहान संच सामान्यतः ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. वीज जाताच यूपीएस असूनही संगणक बंद पडत असेल, तर भार अधिक असणे किंवा त्याची घटमाला क्षीण झालेली असणे ही कारणे संभवतात.

अर्थिंग (उपकरणाच्या धातूच्या आवरणाची जमिनीशी विद्युत् जोडणी) नसणे हा याहून गंभीर दोष होय. तीन टाचण्यांचा प्लग दोन टाचण्यांच्या सॉकेटात बसविण्यासाठी तिसरी टाचणी मोकळी सोडली किंवा सॉकेटातील तिसऱ्या छिद्रास तारच जोडलेली नसली, म्हणजे पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात. एसएमपीएसमध्ये विद्युत् क्षोभ गाळण्यासाठी दोन्ही वाहिन्यांपासून पेटीकडे जोडलेली लहान धारित्रे असतात. अर्थिंगअभावी त्यांच्यामुळे पेटीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दाब दिसतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असल्याने तो केवळ जाणवतो. परंतु संचातील निरोधन खराब झाल्यास त्याच पेटीवर पूर्ण २३० व्होल्टचा दाब येऊन जीवितहानी होऊ शकते. अशी पेटी अर्थिंग असलेल्या दूरचित्रवाणी संचास केबलने जोडताना उडणाऱ्या ठिणगीने दोहोंच्या जोडण्या निकामी होण्याचाही धोका असतो. झिणझिण्या येणारा संगणक ‘थोडा करंट मारतो’ असे म्हणून वापरीत राहणे म्हणूनच अनुचित होय. तो दोष बहुधा संगणकाचा नसून घराच्या वायरिंगचा असतो.

तपासणीत फेज व न्यूट्रल यांच्या दरम्यान सुमारे २३० व्होल्ट, फेज व अर्थ यांच्या दरम्यान जवळजवळ तितकाच आणि न्यूट्रल व अर्थ यांच्या दरम्यान अगदी थोडा दाब मिळावयास हवा. तथापि मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह घेत असल्याने कमकुवत अर्थिंगही त्यावर चांगले दिसू शकते. भार टाकून करावयाची परीक्षा परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावी. या भागातील काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात सुकून तिला भेगा पडतात. त्यामुळे नळी व माती यांतील संपर्क सुटून अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात न जाणवणाऱ्या झिणझिण्या एप्रिल-मे महिन्यांत जाणवू लागतात त्या यामुळे. नळीभोवती कोळसा व मीठ यांचे थर देण्याची व उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालण्याची रीत याच कारणासाठी पडली आहे. अर्थिंगविषयीची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ या क्रमांकाची आहे. याखेरीज ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच घराच्या मुख्य फलकावर बसविल्यास माणसांच्या जीविताचे रक्षण होते.

हवामानाचाही विचार करावा लागतो. विदर्भात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. खोली २५° से. ऐवजी ४०° से. वर असल्यास त्याच भाराखाली आतील भागांचे तापमानही साधारण १५° से.नी वाढते. त्यामुळे जानेवारीत निर्दोष ठरलेली जुळणी मे महिन्यात बंद पडू शकते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत पेटी भिंतीला खेटून ठेवू नये. मळणीच्या दिवसांतील धूळ पंख्यांवर व ठोकळ्याच्या पात्यांत साचते. उबेला येणाऱ्या पाली व मुंग्या एसएमपीएसमध्ये शिरून मंडलसंक्षेप घडवितात, म्हणून पेटीच्या मागील रिकाम्या फटी पट्ट्या लावून बंद ठेवाव्यात. वळिवाच्या पावसात विजा चमकू लागताच केवळ स्विच बंद न करता प्लग व इंटरनेटची धातूची केबल दोन्ही काढून ठेवावीत. विजेचा झटका या केबलीतूनही मदरबोर्डापर्यंत पोहोचतो. प्रकाशतंतूच्या केबलीने हा धोका बराच कमी होतो.

हमी व ग्राहकाचे हक्क : घरजुळणीच्या संगणकास एकत्रित हमी नसते. प्रत्येक भागाची हमी त्याच्या उत्पादकाकडे व ठराविक मुदतीपुरती असते. म्हणून प्रत्येक भागाचे पक्के बिल, अनुक्रमांक व खोके जपून ठेवावे आणि भाग उघडताना, विशेषतः प्रोसेसरची बैठक, छायाचित्र घेऊन ठेवावी. कोणता भाग सदोष आहे हे चाचण्यांच्या लेखी टिपणांसह सांगणाऱ्या ग्राहकाची बाजू भक्कम असते. विक्रेत्याने दाद न दिल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भाग दूरच्या शहरातून मागविलेला असला, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करण्याची मुभा या अधिनियमाने दिली आहे.

दुरुस्त न होणारे भाग घरच्या कचऱ्यात टाकणे वा जाळणे हानिकारक आहे. मंडलफलक जाळल्याने विषारी धूर निघतो व जड धातू मातीत मिसळतात. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनश्चक्रण करणाराकडेच पोहोचणे अपेक्षित आहे. तत्पूर्वी तो भाग खरोखरीच निकामी आहे याची किमान जोडणीच्या चाचणीने खात्री करून घ्यावी. निकामी समजून टाकलेल्या भागांपैकी काही केवळ नीट न बसविलेले असतात.